खात्याच्या पेजवर फोटो टाकले की झालं का ओपन गव्हर्नमेंट, म्हणजे खुला कारभार?

प्रश्न: आमच्या खात्याचं सोशल मीडिया पेज माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणतात बैठकीचे, उद्घाटनाचे फोटो टाकत राहा, हीच पारदर्शकता. खाली लोक तक्रारी लिहितात त्याला उत्तर द्यायची परवानगी नाही, उलट झोंबणाऱ्या कमेंट उडवा म्हणतात, शिवीगाळ नसली तरी. चालतं का असं?

उत्तर 1: ही तर निव्वळ जाहिरात झाली. अमेरिकेत ओबामांनी 2009 ला सत्तेवर येताच ओपन गव्हर्नमेंटचा मेमो काढला त्यात पारदर्शकतेच्या जोडीला लोकसहभाग आणि सहकार्य पण होतं. बैठकीचा फोटो टाकताय ना, मग इतिवृत्तही टाका, आणि आकडे असतील तर सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) द्या, वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ नको (ती शोधताही येत नाही, कॉपीही होत नाही).

उत्तर 2: डिलीट जपून करा. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण अमेरिकेत 2024 च्या लिंडके विरुद्ध फ्रीड निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, अधिकाऱ्याला सरकारच्या वतीने बोलायचा खरा अधिकार असेल आणि पोस्ट टाकताना तो तेच करत असेल तर त्याने कमेंट काढणं, ब्लॉक करणं ही सरकारी कृती धरता येते, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहतो. कमेंटचे नियम लिहून पिन करा, काढलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट ठेवा.

उत्तर 3: आणि माहिती आधी स्वतःच्या वेबसाइटवर, मग पेजवर लिंक. 2023 मध्ये ट्विटरने लॉगिनशिवाय ट्विट दाखवणंच बंद केलं होतं, तेव्हा फक्त तिथेच सूचना देणाऱ्यांची पंचाईत झाली असणार.

प्रश्नकर्ता: नियमांचा मसुदा करतो, सही कोण करणार देव जाणे.