फक्त पैशाचा प्रश्न नाही

‘जो ट्रॅक जास्त पैसे ओतेल त्याला नॅस्कारची (अमेरिकेतली मोटार शर्यतींची मालिका) मोसमातली शेवटची, विजेता ठरवणारी शर्यत’ असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स ट्रॅकचं १७.८ कोटी डॉलरचं नूतनीकरण पूर्ण झालं आणि २०२० पासून शेवटची शर्यत फ्लोरिडातल्या होमस्टेड ट्रॅकवरून तिकडे गेली, हे खरंच आहे. पण शर्यत नोव्हेंबरात असते, त्यामुळे उत्तरेकडचे थंडीचे ट्रॅक आपोआप बाद होतात. शिवाय होमस्टेड काय, फिनिक्स काय, २०१९ पासून दोन्ही नॅस्कारच्याच मालकीचे आहेत, मग पैशाची चढाओढ कसली?

मला खरी खंत वाटते ती डांबराची. होमस्टेडचा रस्ता झिजलेला, खरखरीत. काही फेऱ्यांतच टायरची पकड सुटायला लागते. मग कुणी खालून, आतल्या कडेने वळण घेतो, तर कुणी पार वर, भिंतीला उजवी बाजू घासेल इतक्या जवळून गाडी काढतो. मागच्याला पुढे जायला वाट मिळते. फिनिक्स मैलभराचा ट्रॅक, तिथे पुढची गाडी सुटली की पकडणं महाकठीण. २०२५ पर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत उरलेल्या चार ड्रायव्हरांचं वर्षभराचं भवितव्य त्या एका दुपारी ठरायचं! २०२६ साठी पुन्हा होमस्टेड निवडलं, याचा मला मनापासून आनंद झाला.