विषय: यूआयसीबद्दल नीट सांगाल का?

मंजिरी (नेपरव्हिल):

मंडळी, नमस्कार.

लेकीला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो, म्हणजे यूआयसीमध्ये जीवशास्त्राला प्रवेश मिळालाय. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचंही पत्र आलंय, पण तिथली फी कर्ज काढल्याशिवाय झेपणार नाही. परवा मंडळाच्या कार्यक्रमात दोघातिघांनी ऐकवलं, "ते काय, घरून डबा घेऊन जायचं कॉलेज." पोरगी तेव्हापासून गप्प आहे. १ मेच्या आत ठरवायचंय. तिथे शिकलेल्या किंवा त्या भागात काम केलेल्या कुणी सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

शिरीष (ओक पार्क):

मंजिरीताई, आधी लेकीचं अभिनंदन.

हे डब्याचं वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय आणि अजूनही मनाला लागतं. घरून येणारी मुलं तिथे बरीच आहेत, हे खरं. पण ते विद्यापीठ उभंच राहिलं अशा मुलांसाठी. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देत होतं, पण राज्याचं विद्यापीठ पडलं शिकागोपासून दूर, अर्बाना गावी. बायको, नोकरी, म्हातारे आईवडील सोडून तिकडे जायचं कसं? म्हणून १९४६ मध्ये नेव्ही पिअरवर, युद्धकाळात नौदलाचं प्रशिक्षण चालायचं त्या जागेत, वर्ग सुरू झाले. पाहुणे आले की आपण त्यांना सरोवर दाखवायला नेतो तोच हा धक्का. तिथे फक्त पहिली दोन वर्षं व्हायची. पुढच्या दोनसाठी अर्बाना गाठायचं, नाहीतर शिक्षण सोडायचं. शहरातच पूर्ण पदवी हवी, ही मागणी लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरली, तेव्हा कुठे फेब्रुवारी १९६५ मध्ये हॅल्स्टेड स्ट्रीटवरचा कॅम्पस उघडला. शेजारी महामार्गांचं मोठं वर्तुळ होतं म्हणून नाव 'सर्कल'. जुनी माणसं अजून सर्कलच म्हणतात.

आराखडा वॉल्टर नेटश यांचा. उघडं काँक्रीट, काहीसं रूक्ष. पाहिल्याबरोबर आवडेल असं नाही. अठ्ठावीस मजल्यांचा युनिव्हर्सिटी हॉल खाली अरुंद आणि वर रुंद होत गेलाय. इमारतींना जोडणारे ग्रॅनाइटचे उंच पादचारी मार्गही होते. मी एमएसला आलो तेव्हा ते पाहिले आणि नव्वदच्या दशकातच ते पाडले गेलेलेही पाहिले. आता मधे मोकळं, हिरवं आवार आहे.

इमारतींपेक्षा आत काय चालतं ते लेकीला सांगा. टॉम डीफँटी आणि डॅन सँडिन यांनी १९७३ मध्ये तिथे संगणकावरच्या चित्रांची प्रयोगशाळा काढली. एक कलाशाखेचा, एक संगणकाचा, आणि दोघांचे विद्यार्थी एकाच खोलीत. त्याच प्रयोगशाळेने १९९२ मध्ये 'केव्ह' दाखवली: भिंतींवर आणि जमिनीवर त्रिमित चित्रं उमटणारी खोली, आपण चालू तसं दृश्य बदलतं. आभासी वास्तवावर काम करणाऱ्या कुणालाही हे नाव विचारा. आणि तिचा विषय जीवशास्त्र आहे म्हणून हेही सांगतो. एचआयव्हीच्या रुग्णांना दिलं जाणारं दारुनावीर हे औषध ज्या रेणूंच्या संशोधनातून आलं, ते अरुण घोष यांनी यूआयसीच्या रसायनशास्त्र विभागात असताना केलं. पुढे ते पर्ड्यूला गेले. औषधाला २००६ मध्ये मान्यता मिळाली.

वैद्यकीय बाजू तर सर्कलच्या कितीतरी आधीची. औषधनिर्माण महाविद्यालयाचं मूळ १८५९ मधलं, वैद्यकीय महाविद्यालयाचं १८८० च्या दशकातलं. सर्कलच्या पश्चिमेला असलेली ही वैद्यकीय संस्था आणि सर्कल १९८२ मध्ये एक झाल्या, तेव्हा आजची यूआयसी बनली. कार्नेगी वर्गीकरणात ती आर-१ आहे, म्हणजे सर्वाधिक संशोधन करणाऱ्या विद्यापीठांच्या गटात. विद्यार्थी तेहतीस हजारांच्या आसपास. कायद्याचं महाविद्यालय २०१९ मध्ये जोडलं गेलं. शिकागोतलं ते पहिलं सरकारी लॉ स्कूल.

नलिनीमावशी (टेलर स्ट्रीट):

मुलांनो,

शिरीषने लिहिलं ते सगळं बरोबर, पण कॅम्पस मोकळ्या माळावर उभा राहिलेला नाही. मी निवृत्त होईपर्यंत याच भागात नर्सचं काम केलं आणि माझ्या जुन्या शेजारणी इटालियन. त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकलीय, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

हॅरिसन आणि हॅल्स्टेडच्या कोपऱ्याभोवती इटालियन, ग्रीक, मेक्सिकन कुटुंबांची दाट वस्ती होती. वस्ती सुधारू, नवी घरं बांधू, असं तिथल्या लोकांना सांगितलं होतं. मग १९६१ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी तीच जागा विद्यापीठाला देऊ केली. फ्लॉरेन्स स्काला नावाची तिथली बाई, शिंप्याची मुलगी, उभी राहिली. बायका सिटी हॉलवर गेल्या, महापौरांच्या कचेरीत ठाण मांडून बसल्या. खटला लढवला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला आणि हजारो माणसांची घरं गेली.

त्यात हल हाउसही गेलं. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये उघडलेलं ते घर. नव्याने आलेल्या परदेशी माणसांना तिथे इंग्रजी शिकवत, कामावर जाणाऱ्या आयांची मुलं सांभाळत, गल्लीतला कचरा उचलला जावा म्हणून भांडत. जेन अ‍ॅडम्सना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तेरा इमारतींपैकी दोनच ठेवल्या: मूळचं घर आणि जेवणघर. आज ते विद्यापीठाचं संग्रहालय आहे. शेजारचा मॅक्सवेल स्ट्रीटचा जुना बाजारही कॅम्पस दक्षिणेकडे वाढला तसा १९९४ मध्ये उठला.

शेजारणी राग धरून होत्या आणि तो खरा होता. पण त्यांच्यातल्या एकीची नात पुढे तिथेच नर्सिंग शिकली, हेही मी पाहिलंय. दोन्ही गोष्टी मी मनात बाजूबाजूला ठेवते. मंजिरी, लेकीला घेऊन आधी हल हाउसमध्ये जा. आपण सगळेच इथे बाहेरून आलोय. आपल्यासारख्यांचं कुणीतरी कधी या शहरात काय केलं, ते तिथे दिसतं.

आणि मग पश्चिमेला माइल स्क्वेअर आरोग्य केंद्र बघा. देशातल्या सर्वांत जुन्या सामुदायिक आरोग्य केंद्रांपैकी ते एक, आणि विद्यापीठ ते चालवतं. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर आजारी माणूस कुठून येतो, हे तिला आधी कळू दे.

ईशा (पिल्सन):

मंजिरीकाकू, मी तिथूनच पदवी घेतली, म्हणून थोडं व्यवहाराचं.

शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पस रिकामा होतो, हे लपवत नाही. शक्य असेल तर पहिलं वर्ष तरी तिला हॉस्टेलवर ठेवा, ओळखी तिथेच होतात. घरून यायचं ठरलं तर मेट्रा या उपनगरी रेल्वेने युनियन स्टेशन, तिथून साधारण मैलभर. पूर्वेचा (सर्कलचा) आणि पश्चिमेचा (वैद्यकीय) अशा दोन्ही कॅम्पसच्या मधे शहरी रेल्वेची ब्लू लाइन आहे, बसही आहेत.

इलिनॉयचे रहिवासी असल्याने फी इन-स्टेट लागेल. फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरला नसेल तर आजच भरा. राज्याची मॅप ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी मदत) त्यावरच ठरते, ती फेडावी लागत नाही आणि पैसे संपले की संपले. ऑनर्स कॉलेजचंही (विद्यापीठातला हुशार मुलांसाठीचा खास विभाग) बघा. (वैद्यकीय, दंतवैद्यक वगैरेत आधीच जागा राखून देणारा जीपीपीए नावाचा कार्यक्रम आहे, पण त्याचा अर्ज बारावीतच, प्रवेशाच्या वेळी करावा लागतो. ज्यांची मुलं अजून दहावी-अकरावीत आहेत त्यांनी लक्षात ठेवा.)

मला सगळ्यात जास्त काय मिळालं सांगू? वर्गात कुठल्याच एका समाजाची मुलं निम्म्याहून जास्त नव्हती. माझी लॅबमधली जोडीदार पिल्सनची, घरात स्पॅनिश बोलणारी, कॉलेजात जाणारी घरातली पहिली. ती संध्याकाळी नोकरी करून पुन्हा अभ्यासाला बसायची. तिच्या शेजारी बसून मी अभ्यास करायला शिकले. लाज वाटावी असं त्या कॉलेजात काहीच नाही, हे तिला माझ्या नावाने सांगा.

मंजिरी (नेपरव्हिल):

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची पत्रं तिला वाचायला दिली, दोनदा वाचली तिने. शनिवारी आम्ही दोघी जाऊन आलो. हल हाउसमध्ये तासभर होतो. बाहेर आल्यावर तिने मागे वळून त्या विटांच्या घराकडे आणि त्याच्या भोवतीच्या काँक्रीटकडे बराच वेळ पाहिलं, बोलली काही नाही.

परतीच्या गाडीत बोलायला लागली. ईशा, तिचा प्रश्न तुझ्यासाठी आहे: पहिल्याच वर्षी लॅबमध्ये काम मागायला प्राध्यापकांना थेट ईमेल केली तर चालते का, आणि त्यात लिहायचं काय?