केगमधील बिअरला फेस फार, पण चव निर्जीव. शिवाय नऊ दिवसांत सिलिंडर रिकामा

पायथ्याचा रहिवासी :
मी डेन्व्हरला राहतो. दोन वर्षे घरची बिअर बाटल्यांत भरत आलो. यंदा प्रथमच १९ लिटरचा एक जुना बॉल-लॉक केग (बिअर दाबाखाली ठेवण्याचे, खटक्याने बसणाऱ्या जोडांचे स्टीलचे पिंप) विकत घेऊन त्यात पेल एल ही फिकट बिअर भरली. बिअर ३ अंश सेल्सियसला थंड करून, कार्बन डायऑक्साइडचा ५ पौंडी सिलिंडर फ्रीजमध्येच शेजारी ठेवला आणि रेग्युलेटर १२ पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) लावला. त्याच संध्याकाळी सिलिंडरकडचा काटा ८०० वरून ५५० वर उतरला, तेव्हा गळती समजून मी सगळे जोड आवळले. काटा तिथेच थांबला आणि मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी पाऊण ग्लास फेसच आला, म्हणून दाब ५ वर आणला. त्यानंतर फेस उलट वाढला आणि खाली उरणारी बिअर उघड्या राहिलेल्या सोड्यासारखी लागू लागली. नवव्या दिवशी रेग्युलेटरचे दोन्ही काटे (सिलिंडरकडचा आणि केगकडचा) शून्यावर होते. नळापर्यंतची नळी पाच फुटांची आहे. रेग्युलेटर बदलावा काय?

वायसरवाला :
रेग्युलेटरची घाई करू नका. आपण ज्याला गळतीचे लक्षण समजलात ते गळतीचे नव्हतेच. सिलिंडरात द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत तो काटा केवळ तापमान सांगतो : खोलीत सव्वाआठशेच्या आसपास, फ्रीजमध्ये साडेपाचशेच्या आसपास. किती वायू उरला हे पाहायचे असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा आणि त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करावे.

गळती मात्र आहे, आणि मोठी आहे. १९ लिटर बिअरमध्ये मुरायला सुमारे शंभर ग्रॅम वायू पुरतो, ती ओतून संपवायला आणखी साधारण तेवढाच. आपला सिलिंडर सव्वादोन किलोंचा होता.

नवा सिलिंडर आणल्यावर प्रथम केगवरचा राखाडी (वायू आत सोडणारा) जोड काढून ठेवा, सिलिंडर क्षणभर उघडून बंद करा आणि दोन्ही काट्यांचा फोटो काढून रात्रभर तसेच राहू द्या. काटे हलले नाहीत तर रेग्युलेटर, त्याचे वायसर आणि वायूची नळी निर्दोष आहेत. हीच परीक्षा भरलेल्या केगवर करू नये, कारण थंड बिअर वायू शोषत राहते आणि गळती नसतानाही दाब उतरतो. तिथे साबणाचे पाणीच खरे, आपल्याकडे नवा गॅस सिलिंडर जोडल्यावर लावतात तसे.

झाकणाकडे विशेष पाहा. आतून बसणारे झाकण असलेला कुकर ज्याने वापरला आहे त्याला हे चटकन कळेल : लंबगोल झाकण आत घालून वर ओढायचे, आणि आतला दाबच त्याला रिंगवर घट्ट धरतो. जुन्या केगचे झाकण ५ पीएसआयवर नीट बसेलच असे नाही. रिंगेला अन्नासाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस लावून ३० पीएसआयचा दाब द्या, ‘खट्’ असा आवाज आला की झडप ओढून जादा दाब सोडा.

अर्धा पेला :
फेसाचे कारण वेगळे आहे. दाब कमी केल्याने फेस कमी होतो ही समजूत सर्वत्र आढळते (मीही एक अख्खा केग तिच्यापायी घालवला). बिअरमध्ये मुरलेल्या वायूला आवर घालण्याइतका दाब वरून नसेल तर तो नळीतच सुटू लागतो, ग्लासात फेस होऊन येतो आणि बिअर मागे निर्जीव राहते. दाब पूर्ववत करा आणि नळी लांब घ्या. ३/१६ इंच आतल्या व्यासाची दहा ते बारा फूट नळी बिअरचा वेग आवश्यक तेवढा मोडते.

कुकरचा विषय निघालाच आहे, तर डेन्व्हरला डाळ शिजायला वेळ का लागतो तेही आठवा. काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, आणि १६०० मीटर उंचीवर ती हवाच विरळ आहे. बिअरमध्ये वायू मुरवण्याच्या तक्त्यांतले १२ पीएसआय समुद्रसपाटीचे असतात; डेन्व्हरला साधारण अडीच वाढवून साडेचौदा लावावे लागतील.

पायथ्याचा रहिवासी :
काटे रात्रभर हलले नाहीत. झाकणही कोरडे निघाले. परंतु वायूच्या पोस्टच्या (केगवरच्या, जोड बसतो त्या तोटीच्या) बुडाशी साबण लावताच मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. फ्रीजच्या घुरघुरीत तो आवाज मला कधी ऐकू आला नव्हता. केगमधला दाब पूर्ण सोडून पोस्ट उघडला, तर आतल्या आखूड नळीवरची ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) चपटी होऊन एका जागी चिरलेली होती. ती बदलली, बारा फूट नळी घातली आणि साडेचौदावर आठवडाभर ठेवले. आता बिअर जिवंत लागते, परंतु दिवसाचा पहिला ग्लास अजून अर्धा फेसाचाच येतो.

अर्धा पेला :
आपला नळ फ्रीजच्या बाहेर असेल, तर तो उबदार राहतो आणि त्यातून येणारी पहिली धार फेसाळते. पहिला घोटभर भाग वेगळ्या पेल्यात घ्या, आणि दुसऱ्या ग्लासालाही तसेच झाले तरच पुन्हा लिहा.