मदत हवी आहे: ऑनलाइन कलर अ‍ॅनालिसिसला पैसे घालावेत का?

निमगोरी

लग्नसराईसाठी चार-पाच साड्या आणि ऑफिससाठी कुर्ते घ्यायचे आहेत. त्याआधी कलर अ‍ॅनालिसिस करून घ्यावं, म्हणजे आपल्या वर्णाला कोणते रंग शोभतात ते तपासून घ्यावं, असं डोक्यात आहे. समोर तीन पर्याय आहेत:

१. सेल्फी घेऊन लगेच 'सीझन' (स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर यांपैकी आपला रंगगट) सांगणारं अ‍ॅप. सकाळच्या फोटोवर 'वॉर्म ऑटम' म्हणालं, रात्री ट्यूबखालच्या फोटोवर 'कूल विंटर'.
२. तीन फोटो मेल करायचे, आठवड्याभरात रंगांची पीडीएफ येते. १,८०० रुपये.
३. पाऊण तासाचा व्हिडिओ कॉल, त्यात स्टाइलचा सल्लाही. ५,००० रुपये.

वर्ण गहू आणि सावळा यांच्या मधला, केस काळे, डोळे गडद तपकिरी. वर्ण उष्ण की थंड ते मनगटाच्या शिरांवरून ठरवा म्हणतात (हिरव्या तर उष्ण, निळ्या तर थंड), तर काही हिरव्या दिसतात, काही निळ्या. सोनंही शोभतं, चांदीही. यातलं काय घ्यावं, आणि घ्यायचंच असेल तर आधी काय विचारून घ्यावं? 'आवडेल ते घाल' हे उत्तर नको, ते आईकडून फुकट मिळतं.

कॅमेरावाला

अ‍ॅपनं दोन उत्तरं दिली यात अ‍ॅपचा दोष निम्माच. फोनचा कॅमेरा रंग मोजत नाही, अंदाज बांधतो. दृश्यातला एकूण रंग बघून उजेड पिवळा की निळा ते तो ठरवतो आणि अख्खं चित्र उलट बाजूला ढकलतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. घरातला 'वॉर्म व्हाइट' दिवा साधारण २,७०० ते ३,००० केल्विनचा, 'कूल डेलाइट' ट्यूब ६,५०० ची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). खिडकीतून येणारा उजेड तिसराच. तिन्ही एकत्र असले तर अंदाज चुकणारच. वर फोन कातडी गुळगुळीत करतो, सावल्या उजळतो, काही फोनांत तर ब्यूटी मोड मुळातच चालू असतो.

पण खरी गोम पर्याय २ आणि ३ मध्ये आहे. केशरी कापड गळ्याखाली धरलं की जवळजवळ अर्धी फ्रेम केशरी होते. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, तो निळा वाढवतो आणि चेहरा राखट, मलूल दिसू लागतो. निळं कापड धरा, चेहरा पिवळा पडतो. समोरची व्यक्ती म्हणते, 'बघा, केशरीनं चेहरा उतरला!' उतरवलेला असतो सॉफ्टवेअरनं.

थोडक्यात, फोटोवरून चेहरा किती उजळ-गडद आणि केस-डोळे-त्वचा यांच्यात किती फरक, हे बऱ्यापैकी सांगता येतं. अंडरटोन, म्हणजे त्वचेची मूळ झाक, उष्ण (पिवळसर) की थंड (निळसर-गुलाबी) हे भरवशानं सांगता येत नाही. आणि नेमके त्याचेच पैसे घेतात.

रंगपेटी

कॅमेरावाला यांना अनुमोदन. थोडी भर.

रंगाच्या तीन बाजू वेगळ्या धरा: छटा उष्ण की थंड, फिका की गडद, झळझळीत की मळकट. चार ऋतूंची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाली ती गोऱ्या लोकांचे सोनेरी-तांबूस-काळे केस आणि निळे-घारे डोळे समोर ठेवून. काळे केस आणि गडद डोळे म्हणजे विंटर, असा तिचा सरधोपट हिशेब. त्या हिशेबानं जवळजवळ अख्खा महाराष्ट्र विंटर. पुढे १२ आणि १६ प्रकार निघाले, पण अजून कित्येक सेवा केसांच्या रंगावरून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

शिरांची चाचणी आपल्या वर्णावर सोडून द्या. शीर कोणत्या रंगाची दिसते हे ती किती खोल आहे आणि वर मेलॅनिन किती आहे यावर ठरतं. सोनं-चांदी दोन्ही शोभणं हे न्यूट्रल (ना उष्ण ना थंड) किंवा ऑलिव्हकडे (हिरवट झाकेकडे) झुकणाऱ्या वर्णाचं लक्षण, आणि आपल्याकडे असे वर्ण भरपूर. अशांना 'वॉर्म की कूल' असा एकच शिक्का मारणारी पीडीएफ निम्मी चुकते.

काही पीडीएफमध्ये 'फिट्झपॅट्रिक टाइप ४' वगैरे लिहून शास्त्रीयपणाचा आव आणतात. ती मोजपट्टी १९७५ ची, त्वचा उन्हात भाजते की काळवंडते यासाठीची. अंडरटोनशी तिचं देणंघेणं नाही.

तुमच्या वर्णाला छटेपेक्षा झळाळी आणि कॉन्ट्रास्ट जास्त फरक पाडतात. कॉन्ट्रास्ट घरी बघता येतो: खिडकीजवळचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि केस, डोळ्यांचा पांढरा भाग व गाल यांची तुलना करा. गाल मधल्या करड्यावर येत असेल तर त्याच करड्यात पडणारे रंग, म्हणजे बेज, खाकी, मळका गुलाबी, चेहऱ्यात मिसळून जातात. त्यापेक्षा स्पष्ट फिका किंवा स्पष्ट गडद घ्या.

सुई_दोरा

पाच हजार देण्याआधी मॅचिंग सेंटर गाठा. टू बाय टू रुबियाचे ढीगभर शेड एकाच पोतात मिळतात, आणि ड्रेपिंगला, म्हणजे गळ्याखाली कापड धरून रंग तपासायला, नेमकं तेच लागतं. सॅटिन, सिल्क घेऊ नका. त्याची चमक चेहऱ्यावर उजेड फेकते आणि कुठलाही रंग बरा वाटतो.

जोड्या अशा घ्या, पहिला थंड, दुसरा उष्ण: पांढराशुभ्र आणि मोतिया, बेबी पिंक आणि अबोली, डाळिंबी आणि विटकरी, बॉटल ग्रीन आणि मेंदी, लिंबू आणि मोहरी, काळा आणि चॉकलेटी. अर्धा-अर्धा मीटर पुरे. दुकानदार अर्धा मीटर फाडायला कुरकुरला तर सरळ ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस घ्या, पुढे शिवताही येतो.

जोडीतले दोन्ही रंग सारखेच गडद हवेत. नाहीतर तुम्ही उष्ण-थंड तपासत नाही, फिका-गडद तपासता. दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. एकच करडा दिसला की जोडी जमली. लिंबू-मोहरी आणि काळा-चॉकलेटीत फरक राहणारच, म्हणून त्यांचा निकाल सर्वांत शेवटी धरा.

आता तपासणी. थेट ऊन न येणारी खिडकी, सकाळी दहा ते दुपारी तीन, घरातले दिवे बंद. तोंड खिडकीकडे, आरसा तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये थोडा बाजूला. भिंत पिस्ता किंवा गुलाबी रंगाची असेल तर मागे-बाजूला पांढरी चादर लावा, भिंतीचा रंग गालावर उतरतो. केसांना पांढरा रुमाल. टिकली, काजळ, लिपस्टिक काहीही नको. पांढुरका थर देणारं सनस्क्रीन आदल्या रात्रीपासून बंद. फेशियल, ब्लीच किंवा थ्रेडिंगनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, लाली असते.

डोळे मिटून कापड बदला, मग उघडा. पहिल्या क्षणी काय दिसलं तेच लिहा, कारण थोड्या वेळानं नजर सरावते. आणि कापडाकडे बघायचं नाही. बघायचं डोळ्यांखालच्या वर्तुळांकडे, ओठांच्या कडेच्या काळसरपणाकडे आणि हनुवटीखालच्या सावलीकडे. चुकीच्या रंगानं या तिन्ही जागा गडद होतात आणि आधी कापड दिसतं, मग तोंड. शेजारी कुणाला बसवून त्यांचीही नोंद वेगळी घ्या, एकमेकांची न बघता.

गळ्याचा वर्ण चेहऱ्यापेक्षा उजळ असेल तर उन्हानं चेहरा रापलेला आहे. अशा वेळी गळा प्रमाण माना.

निमगोरी

हे भारी आहे, रविवारी करते. पण समजा त्यानंतरही व्हिडिओ कॉल करायचा झाला, तर तो व्हाइट बॅलन्स थांबवता येतो का?

कॅमेरावाला

रेकॉर्डिंगमध्ये येतो, कॉलमध्ये सहसा नाही. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, त्यात 'लॉक व्हाइट बॅलन्स'. अँड्रॉइडवर प्रो मोड असेल तर डब्ल्यूबी (व्हाइट बॅलन्स) ५,५०० च्या आसपास ठेवा, आयएसओ आणि शटर (चित्र किती उजळ येईल ते ठरवणाऱ्या सेटिंग्ज) एकदाच ठरवा, मग हात लावू नका. मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. सगळी कापडं एकाच सलग व्हिडिओत घ्या आणि तो आधी पाठवून द्या. कॉल फक्त चर्चेला ठेवा. थेट कॉलच करायचा असेल तर झूममधले 'टच अप माय अपिअरन्स' आणि 'अ‍ॅडजस्ट फॉर लो लाइट' बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून.

फ्रेममध्ये कायम एक १८ टक्के ग्रे कार्ड, म्हणजे रंग दुरुस्त करताना प्रमाण धरायचं करडं कार्ड, ठेवा. बरेच जण 'पांढरा कागद धरा' सांगतात, पण छपाईच्या कागदात ब्राइटनर असतो. तो उजेडातली अतिनील किरणं घेऊन निळसर चमकतो. त्या कागदाला पांढरं धरून दुरुस्ती केली की चेहरा उगाच पिवळा होतो आणि तुम्ही 'वॉर्म' ठरता.

सेवेला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ग्रे कार्ड चालेल का आणि व्हाइट बॅलन्स कसा लॉक करू? 'काही गरज नाही, नॅचरल लाइट पुरे' असं उत्तर आलं तर पैसे वाचवा.

फुकटचा_सल्ला

मला हे सगळं राशिभविष्याच्या जातीचं वाटतं. ऋतूंच्या पेट्यांना ठोस पुरावा कुठे आहे?

रंगपेटी

१२ पेट्यांना नाही, मान्य. पण वर्णानुसार लोकांची रंगनिवड बदलते का, यावर काम झालंय. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गोऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांसाठी लोकांना कपड्यांचे रंग निवडायला सांगितले. फिकट त्वचेला निळ्याकडचे आणि रापलेल्या त्वचेला केशरी-लालकडचे रंग जास्त निवडले गेले. म्हणजे काहीतरी आहे, पण ते 'हा टील तुमचा, तो टील नाही' इतकं बारीक नाही. आणि त्यात आपले वर्ण नव्हतेच.

सेवेची परीक्षा घ्यायची सोपी युक्ती: फोटोवाल्या सेवेत तुमचे दोन संच दोन ईमेलवरून पाठवा, एक सकाळच्या, एक संध्याकाळच्या उजेडातला. फुकट चाचणी असेल तिथेच करा. उत्तरं वेगळी आली तर त्वचा तपासली गेलेली नाही, उजेड तपासला गेला.

पदर_पुराण

साडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पीडीएफ एकरंगी टी-शर्टासाठी असते. साडीत चेहऱ्याजवळ येतो तो ब्लाउजचा गळा आणि डाव्या खांद्यावरचा पदर किंवा काठ. अंगाचा रंग त्यामानानं लांब. म्हणून 'तुमचा नसलेला' रंग आवडला तर साडी घ्या आणि ब्लाउज आपल्या रंगात शिवा. कुर्त्याला तेच काम ओढणी करते.

धूपछाव असेल तर ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दुकानात घडीवर दिसतो तो रंग खांद्यावर दिसत नाही. पदर खांद्यावर टाकून आरशापासून पाच-सहा फूट लांब उभं राहा आणि तिथून जो रंग दिसेल तो धरा. 'कूल' निघालात म्हणून सोनेरी जर वर्ज्य करायची गरज नाही; पिवळीधमक नको, अँटिक किंवा फिकी घ्या.

आणि दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली काहीही ठरवू नका. दोन कापडं आत सारखी आणि बाहेर वेगळी दिसू शकतात. दाराशी नेऊन बघू द्या म्हटलं की चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

सुई_दोरा

पर्याय ३ मधल्या स्टाइलच्या भागाबद्दल: नमुना अहवाल मागा. त्यात ब्लेझर, ट्रेंच कोट आणि हाय-वेस्ट जीन्सच असेल तर तुमच्या कामाचा नाही. त्यात ब्लाउजच्या गळ्याची खोली, बाहीची लांबी, कुर्ता ४२ इंची की ४६, चाक कुठून सुरू व्हावा, हे असेल तरच पैसे द्या. शिंप्याकडे मापं देताना हेच आकडे लागतात, 'सॉफ्ट क्लासिक' असलं स्टाइलचं नाव सांगून तो काही कापणार नाही.

कॅमेरावाला

अवांतर: चेहऱ्याचे फोटो देताय, तर ते किती दिवस ठेवतात, जाहिरातीत वापरतात का आणि मागितल्यावर पुसतात का, हे लेखी घ्या. फोटोतली लोकेशनची माहिती पाठवण्याआधी काढून टाका. फुकट अ‍ॅपांबाबत जास्तच सावध.

रंग पीडीएफऐवजी कापडी पट्ट्यांच्या पंख्यात मिळत असतील तर त्याला जास्त किंमत आहे. फोनवर ट्रू टोन किंवा नाइट लाइट (पडद्याचा रंग आपोआप बदलणाऱ्या सोयी) चालू असेल तर पीडीएफमधला मरून संध्याकाळी विटकरी होतो.

ऐरोलीकर

आईसाठी विचारतोय. वय ६८, केस पूर्ण पांढरे, मधूनमधून मेंदी लावते. तिलाही हेच लागू का?

सुई_दोरा

पद्धत तीच, निकाल बदलेल. केस पांढरे झाले की केस आणि त्वचा यांच्यातला कॉन्ट्रास्ट उलटा होतो, त्यामुळे पूर्वी शोभणारा काळा किंवा गर्द जांभळा आता चेहऱ्याखाली जड पडू शकतो. मेंदीचा तांबूस-केशरी रंग चेहऱ्याला लागून येतो, म्हणून एकदा रुमाल बांधून आणि एकदा रुमाल काढून, दोन्ही तपासण्या करा. दोन्हींत चालले ते रंग घ्या. शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतियापासून सुरुवात करा, आणि त्यांना चष्मा असेल तर तो घालूनच बघा.