मदत हवी आहे: झांझिबारच्या लवंगमळ्यांतली मजुरी, १८९७ नंतर

मंडळी, झांझिबार-पेंबा या पूर्व आफ्रिकेजवळच्या बेटांवरच्या लवंगमळ्यांवर लेख लिहितेय, एका जागी अडकलेय. १८७३ ला गुलामांचा बाजार बंद झाला, १८९७ ला गुलामगिरीचा कायदेशीर दर्जाच काढला, पण सुटका आपोआप नाही, कोर्टात जाऊन मागायची, वर राहायची जागा आणि पोटापाण्याची सोय दाखवा नाहीतर भटके ठरणार (आणि भरपाई कुणाला, तर मालकांना!). मग बरेच जण त्याच मळ्यात राहून जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात निंदणी करत राहिले, इथवर कळलंय. ब्रिटिशांचे छापील रिपोर्ट चाळले, त्यात मजूर मिळत नाहीत हेच रडगाणं. संदर्भ सुचवणार असाल तर तिथली स्वाहिली भाषा मला येत नाही, इंग्रजी चालेल, केनियाच्या किनाऱ्यावरचे नकोत. कळ्या हातानंच खुडायच्या असतात, तर त्या हंगामात या लोकांना वेगळी रोख मजुरी मिळायची का, आणि ती मापावर की रोजावर?