चालणे आणि नवशिक्यांचे एरोबिक्स: अडीच हजारांच्या आत बूट कोणते घ्यावेत?

पाचपाखाडीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय चौपन्न आहे. रोज सकाळी कचराळी तलावाच्या ट्रॅकवर मी साधारण चार किलोमीटर चालते आणि आजवर हे चालणे पट्ट्याच्या सँडलवर निभावले आहे. आता आमच्या सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस एरोबिक्सचा वर्ग सुरू होत असून शिकवणाऱ्या बाईंनी बूट घालूनच यावे असे सांगितले आहे. सभागृहात गुळगुळीत लादी आहे. खर्चाची मर्यादा अडीच हजार, त्याहून कमीत भागले तर उत्तमच.

मुलाचे म्हणणे असे की रनिंग शूज घेतले की ते सगळ्याला चालतात. राम मारुती रोडवरच्या एका दुकानात मात्र मला मेमरी फोमचे वॉकिंग शूज दाखवले आणि ते पायात घालताक्षणी आवडले. माझा पाय चवड्याशी रुंद आणि टाचेशी अरुंद आहे, शिवाय उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडे बाहेर आले आहे, त्यामुळे पुढे बरोबर बसलेला बूट मागे निसटतो. दोन्ही कामांना एकच जोड पुरेल का, आणि घेताना नेमके काय पाहावे?

वर्गशिक्षिका, वाशी

ताई, मी प्रौढ स्त्रियांचे व्यायामवर्ग घेते आणि हा प्रश्न प्रत्येक नव्या तुकडीत येतो. चालताना आधी टाच टेकते, भार तळव्यावरून पुढे सरकतो आणि शेवटी चवडा व अंगठा जमिनीला मागे रेटतात, म्हणजे सगळी हालचाल पुढच्या दिशेने होते. एरोबिक्समध्ये मात्र तुम्ही डावीउजवीकडे पावले टाकणार, पाय पायामागून नेणार, गुडघे उचलणार आणि जागेवर वळणार, त्यामुळे बराचसा भार चवड्यावर आणि बुटाच्या बाजूच्या कडांवर येतो.

रनिंग शूजचा सोल बहुधा जाड व मऊ असतो आणि टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर उंच ठेवलेली असते. सरळ चालण्याला त्याचा त्रास नाही, उलट आरामच वाटतो, तेव्हा केवळ चालण्यापुरते तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पण बाजूला झटकन पाऊल टाकले की तो मऊ, उंच सोल एका अंगाला दबतो आणि घोटा वळण्याची शक्यता वाढते. त्यात सोलवर खोल खाचा असतील आणि तो लादीला घट्ट धरत असेल, तर वळताना पाऊल जागीच राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो.

म्हणून दोन्हींसाठी एकच जोड घ्यायचा असेल तर ट्रेनिंग शूज किंवा क्रॉस ट्रेनर या नावाने मिळणारे बूट पाहा. त्यांचा सोल तुलनेने सपाट आणि रुंद असतो, वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी आधार दिलेला असतो आणि चार किलोमीटर चालायला ते सहज पुरतात. नवशिक्यांच्या वर्गात बहुतेक वेळ एक पाय जमिनीवर असतो, उड्या जवळजवळ नसतात, तेव्हा धक्के शोषणाऱ्या भारी तंत्रज्ञानावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

मेमरी फोमबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तो बुटातल्या गादीचा वरचा थर असतो. दुकानात पहिल्या क्षणी तो मोहात पाडतो, पण रोजच्या वापराने चेपतो, आणि नवा असतानाही पाऊल त्यात रुतत असल्यामुळे बाजूच्या हालचालीत पाय डगमगतो. खरा आधार त्याच्या खालच्या मधल्या थरातून मिळतो, आणि तो तर दुकानात कोणी दाखवतच नाही.

मधुमेह असेल किंवा तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. अशा पायाला बूट कुठे घासतो आहे हे वेळीच कळत नाही.

शूजच्या दुकानातून

मी ठाणे स्टेशनच्या परिसरात बूटविक्रीचे काम करतो, त्यामुळे गल्ल्याच्या या बाजूचे थोडे सांगतो. बूट शक्यतो संध्याकाळी घ्यायला या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बेताचा वाटलेला बूट संध्याकाळी आवळतो. ज्या मोज्यांवर व्यायाम करणार तेच मोजे बरोबर आणा आणि दोन्ही पायांत बूट घालून उभ्या राहा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि माप त्याचेच धरायचे. सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांत साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. आपल्याकडच्या मापात एका आकड्याने सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो, पण एका कंपनीचा सहा नंबर दुसरीच्या सहाशी जुळेलच असे नाही. म्हणून पहिला जोड तरी पायात घालूनच घ्यावा. तोच नमुना पुन्हा हवा असेल तर ऑनलाइन मागवायला माझी हरकत नाही.

रुंद चवड्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. आतली गादी सुटी निघत असेल तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावर उभ्या राहा. पाऊल कडेच्या बाहेर ओघळले तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, विक्रेत्याने “वापरून सैल होईल” असे कितीही सांगितले तरी. रुंद पायाच्या स्त्रियांना पुष्कळदा पुरुषांचा बूट सुचवला जातो, परंतु त्याची टाचही रुंद असते, त्यामुळे तुमची अडचण त्याने वाढेलच. त्यापेक्षा पुढे गोलसर, ऐसपैस आणि ज्याचे वरचे कापड लवचीक जाळीचे आहे असा स्त्रियांचा बूट निवडा. अंगठ्याच्या हाडावर नेमकी शिवण किंवा प्लास्टिकची पट्टी येत नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

टाच निसटण्यावर उपाय नाडीत आहे. घोट्याजवळ बहुतेक खेळाच्या बुटांना एक जादा भोक असते आणि बरेच लोक ते रिकामेच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या या शेवटच्या भोकातून आत घालून दोन्हीकडे छोटे फासे करा, प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून घ्या आणि मग खाली-मागे ओढून गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्याकडची नाडी सैल ठेवता येते.

बूट हातात घेतल्यावर टोक आणि टाच धरून दाबा. तो चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे, मधोमध दुमडणारा बूट परत ठेवा. ओला टॉवेल पिळतो तसा पिळून पाहिल्यावर थोडाच वळला पाहिजे. टाचेची मागची वाटी अंगठ्याने दाबली तर ती चेपता कामा नये. सोलबद्दल म्हणाल तर मधला थर ईव्हीएचा (हलक्या, फेसासारख्या प्लास्टिकचा) आणि खाली रबर, ही या किमतीतली चांगली जोडी आहे. निव्वळ पीव्हीसीचा सोल जड असतो आणि ओल्या लादीवर घसरतो.

अडीच हजारांची तुमची मर्यादा योगायोगाने सोयीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी पाच टक्के आणि त्यावर गेल्यास अठरा टक्के लागतो. त्याच्या लगेच आधी हजारांपर्यंत बारा आणि पुढे अठरा होते. कॅम्पस, रिलॅक्सोचा स्पार्क्स, बाटाचा पॉवर, डिकॅथलॉनचा डोमियोस यांत तुमच्या मर्यादेत निवड करता येईल. आयएसआय चिन्ह दिसल्यास चांगलेच (खेळाच्या पादत्राणांचे मानक आयएस १५८४४ हे आहे), मात्र ते दर्जाचे चिन्ह आहे, माप तुम्हालाच पाहावे लागेल. फुटपाथवर परदेशी नावाची “फर्स्ट कॉपी” आठशेला मिळते. तिचे बाह्यरूप हुबेहूब असले तरी मधला थर कशाचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

नेरूळ सेक्टरवासी

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण एकाच जोडाचा आग्रह मला पटत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जाळीचा बूट एकदा भिजला की दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही, आणि चिखल लागलेले तळवे घेऊन सभागृहाच्या लादीवर जाणे इतरांनाही धोक्याचे आहे. अडीच हजारांचा एक घेण्याऐवजी हजार-बाराशेचे दोन जोड घ्यावेत, एक बाहेरचा आणि एक फक्त वर्गासाठी. दोन्हींना आळीपाळीने विश्रांती मिळते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर चालायचे असेल तर बाहेरच्या जोडाच्या रबरी सोलवर स्पष्ट खाचा हव्यात. वर्गाचा जोड मात्र सपाट तळाचाच असावा.

भिजलेल्या बुटातली गादी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि पंख्याखाली ठेवावे. कडक उन्हाने चिकटवलेले सांधे सुटतात. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) सोल असलेले बूट खोक्यात बंद करून वर्षानुवर्षे ठेवू नयेत, कारण दमट हवेत तो सोल न वापरताच भुसभुशीत होऊन तुटतो. सेलमध्ये जुना माल स्वस्त मिळतो तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. मेमरी फोमचा विचार सोडला आहे. दोन जोडांची सूचना पटते, पण बाराशेच्या बुटात टाचेची वाटी टणक आणि चवडा रुंद असे दोन्ही मिळेल का? आणि चार किलोमीटर रोज चालल्यास बूट कधी बदलावा?

शूजच्या दुकानातून

मिळेल, पण दोन-तीन दुकाने फिरावी लागतील. दोन्ही जोडांत समान पैसे घालू नका. वर्गात बाजूच्या हालचाली आहेत, तेव्हा आधार तिथे अधिक लागतो. ट्रेनिंग शूजवर पंधराशेपर्यंत जा आणि चालण्याचा जोड हजाराच्या आसपास बसवा. तुमचे सध्याचे सँडल मागे पट्टा असलेले आणि न घसरणारे असतील तर एक-दोन महिने त्यांवरच चाला आणि आधी वर्गाचे बूट घ्या.

साध्या ईव्हीएचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो असे धरतात. रोजच्या चार किलोमीटरने महिन्याला शंभराच्या पुढे जाल, म्हणजे सहा-सात महिन्यांनी तपासायला हरकत नाही. वरचे कापड तोवर नव्यासारखे दिसेल, त्यावर जाऊ नका. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कलली असेल किंवा मधल्या थरावर आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील, तर बदलायची वेळ झाली.