ऑकमध्ये बेरजेचे पैसे गळतात आणि स्तंभ एका रेषेत येत नाहीत

प्रश्न (निपाणी):
नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या ठेवींची यादी स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलमध्ये असून तिची शाखावार बेरीज मी लिनक्सवर ऑकने (ओळी-स्तंभांचा मजकूर हाताळणाऱ्या आज्ञावलीने) करतो. चिकोडी शाखेची बेरीज ८४५२०० अशी बरोबर छापली जाते. बेळगाव शाखेची मात्र १२३४५६७.५० ऐवजी १.२३४५७ई+०६ अशी येते. शिवाय प्रिंटएफ या ठरावीक नमुन्यात छापणाऱ्या आज्ञेत नावासाठी वीस जागा राखूनही मराठी आणि कन्नड नावांपुढचे आकडे एकाखाली एक बसत नाहीत. तक्ता संचालक मंडळापुढे ठेवायचा असल्याने कृपया कारणासह मार्गदर्शन करावे.

उत्तर (खानापूर):
बेरीज चुकलेली नाही, केवळ छपाई चुकते आहे. प्रिंट आज्ञा पूर्णांक जसाच्या तसा छापते. अपूर्णांक असल्यास ओएफएमटी या चलातला नमुना वापरते आणि तो मुळात '%.६जी', म्हणजे एकूण सहाच सार्थ अंकांचा असतो. ई असलेला (दहाच्या घातात लिहिलेला) आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. खरा धोका लहान रकमांत आहे, कारण ९८४५१.३८ चे गुपचूप ९८४५१.४ होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आरंभीच्या बिगिन भागात ओएफएमटीला '%.२एफ' द्यावे. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत लिहाव्यात.)

उत्तर (बेळगाव, टिळकवाडी):
वरील उत्तराला एक आवश्यक जोड देतो. बेरीज 'रु.' अशा मजकुराला जोडून छापली, तर ओएफएमटी लागूच होत नाही. तिथे आकड्याचा मजकूर करताना लागणारे कॉन्व्हएफएमटी हे चल चालते आणि त्याचाही मूळ नमुना तोच आहे. म्हणून पैशांचा प्रत्येक आकडा शक्यतो प्रिंटएफनेच छापावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता स्तंभांविषयी. उबुंटूवर सहसा आधीपासून असलेले एमऑक (ऑकचीच एक आवृत्ती) रुंदी बाइटमध्ये मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरी व कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे 'खानापूर' २१ बाइटचे ठरून वीसची मर्यादा ओलांडते आणि त्यापुढे एकही रिकामी जागा भरली जात नाही. जीऑक ही दुसरी आवृत्ती यूटीएफ-८ लोकॅलमध्ये (संगणकाच्या भाषाविषयक मांडणीत) चिन्हे मोजते, तरी काना आणि उकार स्वतंत्र धरून ते सात मोजते, आणि टर्मिनल त्यांना पडद्यावर किती जागा देईल ते पुन्हा वेगळेच. त्यामुळे राखीव जागा वाढवून उपयोग नाही. रक्कम '%१२.२एफ' ने आधी छापावी आणि नाव ओळीच्या शेवटी ठेवावे. मंडळाला नाव आधीच हवे असेल, तर ओएफएसमध्ये (स्तंभांमधील विभाजकाच्या चलात) टॅब ठेवून, प्रिंटमध्ये स्वल्पविराम देऊन आणि ओएफएमटी वरीलप्रमाणे बदलून छापावे व ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडावी.